निळ्या सालीतले जुने सेल

बॅटरी ६८ टक्के दाखवत असताना लॅपटॉप खटकन बंद पडला. समोर मुलीचे आईवडील बसले होते. लग्नपत्रिकेत मामांची नावं कुठल्या क्रमाने घ्यायची यावर त्यांचं अजून चाललंच होतं. वीज जाऊन जेमतेम तास झाला होता आणि केलेलं काम सेव्ह नव्हतं. हीच बॅटरी मी दोन महिन्यांपूर्वी १८०० रुपये मोजून 'नवी' करून घेतली होती.

माझं काम डीटीपीचं. लॅपटॉप जुना, खालून बॅटरी निघते तो. कंपनीने ती बॅटरी विकणं केव्हाच बंद केलंय. तिच्यात १८६५० म्हणतात ते सहा सेल असतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, रिमोटच्या सेलचे थोरले भाऊ. दोन-दोनच्या तीन जोड्या, एकीपुढे एक. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा दुकानदार म्हणाला, "पॅक कशाला टाकता साहेब, सेल बदलून देतो. सहाच्या सहा नवे, तीन हजार एमएएचचे." एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप. पक्कं बिल मागितलं तर जीएसटी वरून पडेल म्हणाला. मी जीएसटी वाचवला.

घरी आल्यावर भाच्याला फोन लावला. तो इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतोय. त्याने सांगितली ती कमांड टाकून विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला. मूळ क्षमता ४७,५२० मिलिवॅट-अवर, आताची क्षमता ४७,५२०, सायकल म्हणजे चार्जिंगच्या फेऱ्या ०. बॅटरीवर तीन तास दहा मिनिटं चालेल असंही स्क्रीनवर आलं. मी खूश.

"मामा, आकड्याला आकडा जुळतोय तेच मला आवडलं नाही," तो म्हणाला. "टक्के लॅपटॉप मोजत नाही. पॅकमधली चिप हिशेब ठेवते. पासबुक कोरं केलं म्हणून खात्यात पैसे येत नाहीत. एकदा चार्जर काढून चालवून बघा."

आता हिशेब कोरा करणं ही काही लबाडी नव्हे. खरे नवे सेल टाकले तरी ते करावंच लागतं, नाहीतर चिप जुनाच हिशेब धरून बसते, कधी पॅकच कुलूपबंद करते. पण चार्जर काढून बघायचं मी आज-उद्यावर ढकललं आणि दोन महिने गेले.

पत्रिकेचा तो प्रकार झाला आणि त्या रविवारी भाचा घरी आला. बोटातली अंगठी काढून ठेवली, जुनं एटीएम कार्ड फटीत घालून पॅकचं झाकण उचकटलं. चार सेलवर प्लॅस्टिकची नवीकोरी निळी साल, छापलेलं ३०००. उरलेले दोन गुलाबी, त्यांच्यावरची निकेलची पट्टी फॅक्टरीतल्या स्पॉट वेल्डिंगची, कुणी हात न लावलेली. म्हणजे ते माझेच. सहापैकी ज्या जोडीत जरा धुगधुगी होती ती तशीच ठेवून दिलेली.

ब्लेडने एक निळी साल सोलली. खाली हिरवी साल, तिच्या टोकाला जुन्या वेल्डिंगचे ठिपके, पट्टी ओढून काढल्यावर राहतात तसे. हा सेल आधी कुठल्यातरी दुसऱ्या पॅकमध्ये नोकरी करून आलेला. निळे सेल जोडले होते ते सोल्डरच्या वाटाण्याएवढ्या गोळ्यांनी. एवढी उष्णता सेलच्या टोकाला देत नाहीत, आतलं सील खराब होतं. सगळ्यात वाईट म्हणजे तापमान बघणारा छोटा सेन्सर. तो सेलला चिकटवलेला हवा. इथे तो वायरीला लोंबत होता. सेल तापले असते तरी चिपला पत्ता लागला नसता.

चार्जर-टेस्टरवर एकेक सेल लावला. निळे ११५० ते १४०० एमएएच भरले, गुलाबी दोन्ही सातशेच्या आसपास. तीन जोड्या ओळीत असल्या की सगळ्यात अशक्त जोडी संपली की पॅक बंद, बाकीच्यांत कितीही असो. गुलाबी जोडीचे मिळून १४००, चिपच्या वहीत ४४००, म्हणजे रिपोर्टमधले ४७,५२०च, फक्त एमएएचमध्ये. १४०० संपून पॅक बंद पडला तेव्हा वहीत ३००० शिल्लकच होते. ६८ टक्के कुठून आले ते असं उलगडलं.

ओळखीच्यांना मी आता सांगतो ते एवढंच. सेल आपल्या डोळ्यांसमोर घालून घ्या आणि जुने सहाही सेल परत मागा. १८६५० मध्ये खरा सेल साधारण ३५०० एमएएचपर्यंतच जातो. ९९०० छापलेलं दिसलं की दुकानातून उठा. पहिल्याच दिवशी पूर्ण चार्ज करून, चार्जर काढून, बंद पडेपर्यंत चालवा. बिलावर सेल किती आणि किती क्षमतेचे हे लिहून घ्या. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, पण माझ्याकडे दाखवायला वहीच्या पानावर लिहिलेलं 'बॅटरी रिपेर १८००' एवढंच होतं.

आणि पॅक स्वतः उघडू नका. मी तो उघडूनच दुकानात नेला. दुकानदाराने झाकण बघितलं आणि म्हणाला, "सील तुटलंय, वॉरंटी गेली." सोललेला सेल पुढे ठेवला, तर त्याने तो हातात घेतलाच नाही. मग मी माझे जुने चार सेल मागितले. तो काही बोलायच्या आत मागच्या टेबलावरचा पोरगा म्हणाला, "ते तर कधीच लागले, काका."