हाय-बॉनेट जीप: घेण्याआधी खालून बघा

कोल्हापूर भागात महिंद्राची हाय-बॉनेट जीप, म्हणजे अमेरिकेतल्या विलीज कंपनीच्या सीजे-३बीची आपल्याकडे बनलेली गाडी, अजून बऱ्याच गोठ्यांच्या शेजारी आणि वाड्यांच्या पडवीत उभी आहे. ती विकायला निघाली की बघायला आलेला माणूस आधी बॉनेट उघडतो, रेस देतो आणि धूर बघतो. आमचा सल्ला उलटा आहे. पोतं अंथरा आणि आधी गाडीखाली शिरा. इंजिन हा या जीपचा सगळ्यात सोपा भाग आहे. शिवाजी उद्यमनगरात बोअर करून, व्हॉल्व्ह बसवून ते उभं करता येतं. ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्समागचा, पुढच्या-मागच्या ॲक्सलला ओढ वाटणारा डबा), पुढचा ॲक्सल आणि चॅसी यांत जीपपण आहे, आणि तिथं गडबड असेल तर चकचकीत रंगाचे पैसे देऊ नयेत.

गाडी अशी का आहे हे तिच्या जन्मात दिसतं. जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने १३५ कंपन्यांकडे मागणी पाठवली: चारही चाकांना ओढ, काच आडवी पाडल्यावर उंची ३६ इंच, वजन फक्त १३०० पौंड, म्हणजे ५९० किलो, आणि नमुना ४९ दिवसांत. मुदत पाळली ती बँटम या छोट्या कंपनीने. कार्ल प्रॉब्स्ट यांनी दोन दिवसांत आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपायला अर्धा तास उरला असताना, गाडी होलाबर्डच्या तळावर पोचली. १३०० पौंडांत मात्र कुणालाच बसता आलं नाही, मर्यादा वाढवावी लागली. बँटमच्या कारखान्याची कुवत कमी, म्हणून तिचे आराखडे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांनाही दाखवले गेले.

विलीजची गाडी जड होती, पण तिचं २.२ लिटरचं ६० हॉर्सपॉवरचं इंजिन बाकी दोघींपेक्षा दमदार निघालं. ते इंजिन राखून गाडी २१६० पौंडांच्या नव्या मर्यादेत बसवायची म्हणून मुख्य अभियंता बार्नी रूस यांच्या माणसांनी बोल्टांची जास्तीची लांबी छाटली आणि रंगाचा थरही पातळ केला. अशा हिशोबाने बनलेल्या गाडीत उगाच लावलेला एकही भाग सापडत नाही. आज तिच्यावर लोखंडी गार्ड, जाड बंपर आणि सहा दिवे चढवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पुढे फोर्डनेही विलीजच्याच आराखड्यावर जीप बनवली. तिच्या जीपीडब्ल्यू नावातला ‘जी’ सरकारी गाडीचा, ‘पी’ ८० इंची व्हीलबेसचा आणि ‘डब्ल्यू’ विलीजचा. ‘जनरल पर्पज’ ही फोड फोर्डची नव्हे. युद्ध संपेपर्यंत दोघींनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बाहेर काढल्या होत्या.

युद्धानंतर १९४५ मध्ये नागरी सीजे आली. १९५३ च्या सीजे-३बीत हरिकेन इंजिन बसवलं. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेल्यामुळे इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. ‘हाय-बॉनेट’ हे नाव त्यावरून पडलं. महिंद्राने १९४७ पासून आपल्याकडे विलीज जीपची जुळणी सुरू केली होती. अमेरिकेत सीजे-३बी १९६८ मध्ये थांबली, आपल्याकडे मात्र ती त्यानंतरही कित्येक वर्षं बनत राहिली. १९६५ मध्ये खेमकरणच्या उसाच्या रानात अब्दुल हमीद यांनी पॅटन रणगाडे फोडले ते जीपवर बसवलेल्या १०६ मिमीच्या रिकॉइललेस तोफेने. पलटणीतली जीपची जागा १९९० च्या दशकात मारुती जिप्सीने घेतली.

आता चालवण्याचं. ८० इंची व्हीलबेसमुळे पेठांच्या बोळात आणि उसाच्या पाणंदीत ती जागच्या जागी वळते. त्याच कारणाने आणि कडक पाट्यांमुळे (लीफ स्प्रिंगमुळे) खड्ड्यात ती माणसाला उडवते, लांबच्या प्रवासात पाठ धरते. मूळ जोडणीत तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स आणि ५.३८ गुणोत्तराचा ॲक्सल येतो. ६.००-१६ टायरवर ताशी ६० ला इंजिन साधारण २४०० फेरे फिरतं, ८० ला ३२०० च्या पुढे. म्हणजे पुणे-बेंगळुरू महामार्ग हे तिचं मैदान नाही. ५५ ते ६० ला ती दिवसभर चालेल. पेट्रोल लिटरला ८ ते १० किलोमीटर.

तिचं खरं रूप लो-रेंजमध्ये, म्हणजे ट्रान्स्फर केसच्या हळू पण जोरदार गिअरमध्ये दिसतं. पहिला गिअर २.८, ट्रान्स्फर केस सुमारे २.४६ आणि ॲक्सल ५.३८, यांचा गुणाकार ३७ होतो. ६०० फेऱ्यांच्या आयडलिंगवर ती ताशी २ किलोमीटरच्या आसपास सरपटते, ॲक्सिलरेटरला पाय न लावता. मसाई पठाराच्या बाजूच्या जांभ्यावर किंवा राधानगरीकडच्या तांबड्या चिखलात याचा उपयोग कळतो: चाक फिरून घसरण्याआधीच पकड घेतं. मात्र मध्ये डिफरन्शियल नाही, पुढचा-मागचा ॲक्सल थेट बांधलेले. कोरड्या डांबरावर फोर-बाय-फोर लावून वळणं घेतली की पीळ भरतो आणि लिव्हर सुटत नाही. अशा वेळी लिव्हर ओढून वाकवू नका. गाडी सरळ चार-पाच फूट मागे घ्या, पीळ सुटतो. मूळ रचनेत पुढचा ॲक्सल जोडल्याशिवाय लो लागत नाही, त्यामुळे करूळ घाट कोरड्या रस्त्यावर उतरताना हाय-रेंजचा दुसरा गिअर धरावा. पहिल्याला सिंक्रोमेश (गिअरचा वेग जुळवून घेणारी रिंग) नसतो, चालत्या गाडीत तो कोंबला की दात जातात.

ट्रान्स्फर केस तपासताना घाई नको. स्पायसर-१८ च्या, म्हणजे या जीपच्या ट्रान्स्फर केसच्या पोटात एक आडवा इंटरमीडिएट शाफ्ट असतो आणि त्यावरचा गिअर सुई-बेअरिंगवर फिरतो. तेल कमी पडलं की आधी हा शाफ्ट खरवडतो, मग केसिंगमधलं त्याचं भोक मोठं होतं आणि तिथून तेल गळतं. सील बदलून ही गळती थांबत नाही. केसिंगला बुश मारून नव्या मापाचा शाफ्ट बसवावा लागतो. जुन्या गाड्यांत हा शाफ्ट पाऊण इंची, नंतरच्यांत सव्वा इंचापर्यंत जाड आहे. जाड असेल तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही. चाचणी सोपी आहे: मातीच्या रानात लो-रेंज पहिला गिअर टाका, पन्नास फूट चालवा, रेस द्या आणि पाय एकदम काढा. लिव्हर निसटून न्यूट्रलला आला तर आत झीज आहे. गिअरबॉक्समधून ट्रान्स्फर केसमध्ये तेल उतरतं हा जुनाच दोष, म्हणून दोन्हीचे फिलर प्लग वेगवेगळे उघडून पातळी बघा. ९० नंबरचं जीएल-४ तेल वापरा, जीएल-५ मधला गंधक सिंक्रोच्या पितळी रिंगांना लागतो.

हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागच्या टोकाला, प्रॉपेलर शाफ्टच्या ड्रमवर आहे. तिथलं ऑइल सील गेलं की लायनर तेलात भिजतात, आणि घाटात उभी केलेली जीप हळूच खाली सरकते. तो ड्रम काढायला लावा. आत काळं चिकट तेल दिसलं तर भावात तेवढं वजा करा. हा हँडब्रेक चालत्या गाडीत ओढायचा नाही, क्रॉस-जॉइंटवर घाव बसतो.

पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना नकलचे गोळे (चाक वळवणारे सांधे) असतात, त्यात किंगपिनची, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या पिनेची बेअरिंग. पुढचं चाक जॅकवर घ्या, टायर वरून आणि खालून धरून हलवा. खटका जाणवला की शिम काढून ताण बसवावा लागेल. ४० ते ५० च्या वेगात स्टिअरिंग थडथडतं त्यामागे बहुधा हाच ढिलेपणा असतो. काहीजण त्यावर नुसता डॅम्पर बसवून देतात, दोष तिथंच राहतो. किंगपिन, मधला बेलक्रँक (स्टिअरिंगची ओढ टाय-रॉडकडे वळवणारा भाग), टाय-रॉडची टोकं, या क्रमाने बघा, मग टो-इन (पुढच्या चाकांचा आतला कल) दीड ते अडीच मिलिमीटरवर आणा. बेलक्रँकची पिन आणि बुश लेथवाला अर्ध्या दिवसात करून देतो, पण पिन हार्डन केलेली असल्याची खात्री करा. मऊ पोलादाची पिन एका पावसाळ्यात संपते. नकलमध्ये पाणी शिरलेलं असेल तर आतलं ग्रीस दुधाळ दिसतं. पंचगंगेच्या पुरात उभी राहिलेली गाडी या एका खुणेने ओळखू येते.

ब्रेक साधे ९ इंची ड्रम, एकाच सर्किटचे, आणि मास्टर सिलिंडर पायाखाली चॅसीला. ओढा ओलांडला की पुढची शंभर पावलं पेडल हलकं दाबून ठेवत ड्रम वाळवा.

पेट्रोल इंजिनाला आता ई-२० चं (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं) एक काम करावंच लागतं: इंधन पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरच्या पॅकिंग आणि सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवा. जुनं रबर फुगतं, भुगा जेटमध्ये अडकतो आणि लोक उगाच इग्निशन उसवत बसतात. उन्हाळ्यात चढावर बंद पडत असेल तर पेट्रोलची नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर घ्या. ट्यूनिंगची मापं: प्लग ०.७५ मिमी, पॉइंट ०.५ मिमी, फायरिंग १-३-४-२. थंड इंजिनावर टॅपेट इनटेकला १८ थाऊ (इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्टला १६.

डिझेल बसवलेल्या जीपबद्दल आमचं मत स्वच्छ आहे: शेतीला ट्रॉली ओढायची असेल तर घ्या, नाहीतर सोडा. जड इंजिनाने पुढचे पाटे बसतात, इंजिन माउंटिंगजवळ आणि पुढच्या शॅकलच्या कोपऱ्यात चॅसीला चिरा पडतात. तिथं वायर ब्रश मारून रंग खरवडून बघा, वेल्डिंगची रांग दिसेल. इंजिन बदल आरसी बुकात नोंदलेला नसेल तर नुसत्या तोंडी आश्वासनावर सौदा करू नका. शिवाय ५० वर्षं पूर्ण झालेली गाडी मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमाने व्हिंटेज नोंदणी मिळू शकते: नव्या नोंदणीसाठी शुल्क २० हजार, मुदत १० वर्षं. मोठे फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. व्हिंटेज पाटीवर रोज बाजारात फिरता येत नाही हेही लक्षात घ्या.

लिलावातून आलेली गाडी असेल तर लिलावाची मूळ कागदपत्रं, चॅसी नंबर आणि एमएच-०९ चं बुक तिन्ही शेजारी ठेवून अंक न अंक जुळवा. चॅसी नंबर घासून वाचा, रंगाखाली दडलेला अंक मान्य करू नका. आणि हौसेने ऑलिव्ह ग्रीन मारलेली जीप दिसली तर रंगकामाचा खर्च हिशोबात धरा: केंद्रीय मोटार वाहन नियमांत तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना राखीव आहे.