८९९ रुपयांचा 'दोन टीबी' पेनड्राइव्ह: आमचं काय गेलं ते वाचा

आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या तळमजल्यावर छातीभर पाणी होतं. खालच्या कपाटातले सगळे अल्बम चिखलात गेले. पाणी ओसरल्यावर आईनं आणि मी एकेक फोटो सुटा केला, धुतला, दोरीला चिमटे लावून वाळत घातला. माळ्यावर होत्या म्हणून व्हिडिओ कॅसेटी तेवढ्या वाचल्या. पुढे मिरजेच्या एका स्टुडिओत फोटो स्कॅन करून घेतले आणि अकराही कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. कॅसेटींना बुरशी धरली होती, आता गरज नाही म्हणून त्या टाकून दिल्या.

एवढं आधी सांगतो, कारण "आठ-नऊशे रुपयेच गेले ना?" असं मला बऱ्याच जणांनी विचारलं.

गेल्या दिवाळीत जुना कॉम्प्युटर मधेच बंद पडायला लागला. त्याच सुमारास मोबाइलवर जाहिरात दिसली: दोन टीबीचा (म्हणजे साधारण दोन हजार जीबीचा) पेनड्राइव्ह, स्टॉक संपवायचा आहे, फक्त ८९९ रुपये, पैसे माल हातात आल्यावर. खाली शेकडो लोकांनी पाच-पाच तारे दिलेले. मागवला. खोक्यावरचं नाव एका नावाजलेल्या कंपनीसारखंच होतं, एक अक्षर तेवढं वेगळं. ते अक्षर मी सहा महिन्यांनी पाहिलं. ड्राइव्ह लावला, लॅपटॉपनं १.९५ टीबी दाखवलं. आधी फोटो टाकले, मग मोबाइलवरचे व्हिडिओ, शेवटी कॅसेटींच्या फाइली. सगळं मिळून दोनशे जीबीच्या वर. कुठेही अडलं नाही, चूक दाखवली नाही. सगळी नावं दिसतात हे बघून मी जुना कॉम्प्युटर फॉरमॅट करून देऊन टाकला.

वैशाखात आण्णांचं वर्षश्राद्ध होतं. १९९४ साली थोरल्या भावाच्या लग्नात आण्णांनी स्वतः मंगलाष्टकं म्हटली होती. आईला तो आवाज ऐकायचा होता. पाहुणे बसलेले, टीव्हीला ड्राइव्ह लावला, फाइलचं नाव दिसतंय, आकार चार जीबी दिसतोय, आणि फाइल काही चालू होत नाही. दुसरी लावली, तिसरी लावली. अकरापैकी एकही नाही. आई काही बोलली नाही, उठून आत गेली.

दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलानं ड्राइव्ह बघताच विचारलं, "काका, केवढ्याला घेतला?" किंमत ऐकून त्यानं एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लावलं. ते ड्राइव्हवर फाइली लिहितं आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतं. शंभर जीबी तपासायला तीन तास गेले. आत खरी जागा निघाली फक्त ३२ जीबी. मग त्यानं माझ्यासमोर प्लॅस्टिक उघडलं. आत छोट्या पट्टीवर मोबाइलमधलं मेमरी कार्ड बसवलेलं.

यात युक्ती कुठे आहे ते त्यानं नीट समजावलं. पेनड्राइव्हमध्ये माहिती साठवणारी चिप असते आणि तिचा कारभार बघणारा कंट्रोलर असतो. जागा किती, हे कॉम्प्युटर कंट्रोलरलाच विचारतो आणि तो सांगेल ते खरं धरतो. नकली मालात त्या कंट्रोलरला खोटा आकडा शिकवून ठेवलेला असतो. फाइलींची यादी सुरुवातीच्या भागात लिहिली जाते, त्यामुळे नावं आणि आकार शाबूत दिसतात. ३२ जीबी भरल्यावर पुढे पाठवलेलं सगळं माझ्या ड्राइव्हनं टाकून दिलं. काही नकली ड्राइव्ह नवी माहिती जुनीवरच लिहितात, त्यात आधीचंही जातं. माझे फोटो पहिल्यांदा टाकले होते म्हणून वाचले, हे निव्वळ नशीब. पुण्यात डेटा परत मिळवून देणाऱ्यांकडेही जाऊन आलो. जे कधी लिहिलंच गेलं नाही ते काढणार कुठून, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

नंतर मी याबद्दल बरंच वाचलं. पेनड्राइव्हच्या चिपमधली ही मेमरी १९८० च्या दशकात जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी शोधली. साठवलेलं एका झटक्यात पुसलं जातं, कॅमेऱ्याचा फ्लॅश उडावा तसं, म्हणून तिला फ्लॅश म्हणतात. आज या चिप मोठ्या प्रमाणावर बनवणाऱ्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, किऑक्सिया, सॅनडिस्क अशा. पेनड्राइव्ह विकणारे बहुतेक ब्रँड चिप अशाच कंपन्यांकडून घेतात. चिपचे कारखाने उभारायला अब्जावधी डॉलर लागतात. दोन टीबीची खरी चिप ८९९ रुपयांत कुणालाच परवडणार नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. आणखी एक खूण माझ्या डोळ्यांसमोर होती. कंपन्या एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. त्यामुळे खरा दोन टीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये साधारण १.८१ दिसतो. माझा १.९५ दाखवत होता.

तुमच्या घरी असा स्वस्तातला ड्राइव्ह असेल तर आजच काढा. नुसती नावं बघू नका, शेवटी टाकलेल्या फाइली उघडून मधून-मधून चालवून बघा. नवा घेतला तर रिकामा असतानाच पूर्ण भरून तपासा. एक रात्र लागली तरी लागू दे. तोवर मूळ प्रत अजिबात पुसू नका.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली. पार्सलवरचा पत्ता अर्धवट होता आणि ती वेबसाइट तोवर बंद झाली होती. पैसे ऑनलाइन भरले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, लगेच फोन करा, उशीर झाला की पैसे अडवणं अवघड होतं. विकणारा सापडत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. बिल, खोकं, जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. माझ्याकडे खोकं आहे, जाहिरातीचा स्क्रीनशॉट नाही.

मागच्या रविवारी तासगावच्या आत्याचा फोन आला. त्या लग्नाची एक कॅसेट आण्णांनी तिलाही दिली होती, ती ट्रंकेत सापडली. चालते का माहीत नाही. मिरजेच्या स्टुडिओत नेणार आहे. चालली तर फाइल तिथेच बसून शेवटपर्यंत बघणार, दोन वेगळ्या ड्राइव्हवर घेणार, आणि कॅसेट आत्याच्या ट्रंकेत परत ठेवून येणार.