कोर्सची फी म्हणून ५२,००० रुपयांचं कर्ज गळ्यात मारलं

आधीच सांगते, मी अडाणी नाही. बी.कॉम. आहे, इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर टॅली सांभाळते. लॉटरी लागल्याचे फोन मी शिव्या घालून ठेवते. मला गाठलं ते शिकण्याच्या नावाखाली, आणि म्हणूनच राग शमत नाही.

एक्सेल मी घरीच शिकले, मुलगा झोपल्यावर, यूट्यूबवर. पिव्होट टेबल जमलं, व्हीलुकअप जमलं, मग एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) सुरू केलं आणि दोन तक्ते जोडणाऱ्या ‘जॉइन’पाशी अडले. एकटीने शिकताना विचारायला कोणी नसतं, आणि सर्टिफिकेट नसेल तर आपल्याला कोणी विचारत नाही. नेमकी तेव्हाच जाहिरात दिसली : डेटा अॅनालिटिक्स, शंका विचारायला शिक्षक, नोकरीची १०० टक्के हमी. नंबर टाकला आणि लगेच फोन आला. पुढचं तुम्हाला पाठ असेल. फी ८५,०००, ‘स्कॉलरशिप’नंतर ५४,९९९, तीही आज रात्री बारापर्यंतच. सीट धरायला २,९९९ यूपीआयने घेतले. उरलेल्या ५२,००० चे ‘नो कॉस्ट ईएमआय’, ४,००० चे १३ हप्ते.

मग ओटीपी आला. त्या मेसेजमध्ये एका फायनान्स कंपनीचं नाव होतं आणि ‘लोन अॅग्रीमेंट’ हे शब्द होते. मी ते वाचले. वाचून विचारलंसुद्धा, “हे लोन कसलं?” फोनवरचा माणूस म्हणाला, “सिस्टीमची भाषा आहे ती, ईएमआयला सगळीकडे तसंच येतं.” तोवर मी ‘मॅडम’ होते, तिथून ‘ताई’ झाले. “ताई, भावावर विश्वास नाही का?” आणि १,१८० रुपये प्रोसेसिंग फी! अहो, प्रोसेसिंग फी कर्जाला असते, कोर्सला कुठे असते? दुसऱ्याच्या पेढीचं एक व्हाउचर सहीशिवाय पुढे सरकू न देणारी मी, स्वतःचा ओटीपी फोनवर वाचून दाखवला. पण हे लोक फोन चालू ठेवून सगळं करून घेतात. इकडे सेल्फी, तिकडे पॅन, मध्येच बँकेचं ई-मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ते आपोआप कापायची परवानगी. वाचायला उसंतच देत नाहीत. माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही दिला असतात. फोन चालू असताना ओटीपी द्यायचा नाही, एवढं तरी करा.

‘बॅच पुढच्या आठवड्यात’ म्हणाले तेव्हा मला बरंच वाटलं होतं. असं का, ते आता कळतंय. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार सुरुवातीचे काही दिवस दंड न भरता कर्जातून बाहेर पडता येतं. ते दिवस उलटून गेल्यावर पोर्टल उघडलं. पहिलाच व्हिडिओ लावला आणि आवाज ओळखला. यूट्यूबवर फुकट पाहिलेलीच मालिका, कोपऱ्यातल्या लोगोवर यांचा लोगो डकवलेला! शंका विचारायच्या ग्रुपवर फक्त अॅडमिनलाच लिहिता येत होतं. नोकरीची हमी कुणाला, तर प्रत्येक चाचणीत ९० टक्के मिळवणाऱ्याला. हे करारात आत कुठेतरी बारीक अक्षरात. हमी म्हटलं की आधी अटींचं पान मागा. पाठवत नसतील तर फोन ठेवा.

तीन हप्ते गेले, घरी बोलले नाही. चौथ्याला खात्यात पैसे ठेवले नाहीत, तर बाउन्सचे ५९० कापले. एकूण १६,७६९ रुपये गेले.

आता सरकारी कारभार ऐका. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत, पोलीस ठाण्यात जा. पोलीस ठाण्यात म्हणाले, हा दिवाणी मामला आहे, आणि वर “शिकलेल्या ना तुम्ही?” हे सगळ्यांसमोर. बँक म्हणते मँडेट फायनान्स कंपनीकडून रद्द करून आणा. फायनान्स कंपनी म्हणते संस्थेशी तुमचं काय ते तुम्ही बघा, आम्ही पैसे दिलेत. संस्थेचा फोन लागत नाही. १९१५ च्या ग्राहक हेल्पलाइनने तक्रार कंपनीकडेच पाठवली, कंपनीने ‘निराकरण झाले’ असं लिहिलं, तक्रार बंद! निराकरण कुणाचं झालं? डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयानेच ऑनलाइन शिकवणाऱ्या कंपन्यांना खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी देऊ नका असं बजावलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियमावली निघाली, नोकरीच्या हमीसारख्या खोट्या दाव्यांना त्यात मनाई आहे. कागद छान निघतात. ठाण्यात मी तो कागद दाखवला, तर हवालदार म्हणाले झेरॉक्स ठेवून जा. आणि सिबिल खराब होतोय तो माझा, त्यांचा नाही.

सर्टिफिकेटच हवं असेल तर केंद्र सरकारचं ‘स्वयम’ हे ऑनलाइन शिकण्याचं पोर्टल आहे. एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीवाल्यांचे, कोर्स तिथे फुकट शिकता येतात, पैसे पडतात ते परीक्षा द्यायची असेल तरच. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर कॅल्कचे (एक्सेलसारखंच, पण फुकट) धडे मराठीतून आहेत. हे मला ठाऊक होतं, तरी ‘हमी’ ऐकून तिकडे गेले. पाच तोळ्यांची हाव नव्हती हो, दुसरी नोकरी हवी होती.

बँकेने लेखी अर्ज दिल्यावर, पोच मागून घेतल्यावर, मँडेट थांबवलं. तोंडी काही करत नाहीत, लेखीच द्या. वसुलीवाले आता पेढीवर फोन करतात. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही आणि वकील लागतोच असं नाही. तुमचे हप्ते चालू असतील तर ग्रुपवरच्या मेसेजचे आणि कोर्सच्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. मी तक्रारीचा मेल पाठवला त्याच संध्याकाळी आमचा ग्रुप उडवला होता.