नवा कोंबडा आणताना: मुरलेला की कोवळा?

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पिल्लं हवी असतील किंवा कोंबड्यांना राखणदार हवा असेल, तरच हा खटाटोप. नागपुरात बेसा-हुडकेश्वरकडच्या लेआउटमध्ये अंगणं बरी असतात, पण पहाटेची बांग कंपाउंडच्या भिंतीला जुमानत नाही. तेव्हा शेजाऱ्यांना आधी विचारा.

समजा, तुमच्याकडे आठेक गावरान कोंबड्या आहेत आणि दाण्यावर आधी कोणी चोच मारायची हे त्यांच्यात ठरलेलं आहे. तीन-चारच असतील तर थांबा. एकट्या कोंबड्याला आठ-दहा लागतात, नाहीतर त्याच त्याच कोंबडीच्या पाठीची पिसं उडतात.

दीड-दोन वर्षांचा मुरलेला कोंबडा आला की एक पंख जमिनीला टेकवून गोल फिरतो. दाणा सापडला तर स्वतः गिळत नाही. चोचीत उचलतो, खाली टाकतो, कुकूक करून कोंबड्यांना बोलावतो. त्या आल्या की निम्मं काम झालं. त्याचा स्वभाव विकत घेण्याआधीच कळतो, हा मोठा फायदा. मालकाच्या अंगणात जाऊन त्याच्याकडे पाठ करून उभे राहा, तो धावून येतो का पाहा. तिथल्या कोंबड्यांच्या पाठीही बघून घ्या. तोटा म्हणजे पायाचे काटे आणि वजन. चार किलोच्या घरातला गिरिराज या वजनदार सुधारित जातीचा नर सव्वा-दीड किलोच्या गावरान कोंबडीवर चढला तर तिचे हाल होतात. असील ही झुंजीची जात दिसायला राजबिंडी, पण घरात आधीच एक नर असेल तर तिचं नाव काढू नका.

चार-पाच महिन्यांचा कोवळा नर स्वस्तात मिळतो, कधी फुकटही. बांग सुरू झाली की लोकांना तो नको होतो. मोठ्या कोंबड्या त्याला झोडपतात आणि तो शेवटी खातो. हे वाईट नाही, त्यातूनच तो वळणावर येतो, पण वर्षाचा होईपर्यंत धीर धरावा लागतो. कळपात त्याच्याच वयाच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, असतील तर मात्र तो त्यांना पळवून पळवून जेरीस आणतो. शिवाय आज हातावर दाणे खाणारा उद्या तुमच्याच पोटरीवर उडी मारेल का, हे आत्ता कोणीच सांगू शकत नाही.

घरात लहान मुलं असतील तर मी ओळखीच्या घरचा मुरलेलाच घेईन. बाजारातल्या पिंजऱ्यातला दोन्ही वयांत नको, कारण तो कोणाकोणाच्या शेजारी बसून आला हे कळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग तर नेहमीचाच. लस कधी दिली ते विचाराच.

कुठलाही आणा, तीन-चार आठवडे लांब ठेवा. पाण्याचं भांडं वेगळं, चप्पल वेगळी, आणि दाणापाणी आधी घरच्या कोंबड्यांना, मग त्याला. हिरवट विष्ठा, शिंका, पायाची उचकटलेली खवलं, शेपटीखाली उवा, हे तपासत राहा. इथे घाई करणाऱ्यांची मला खरंच चीड येते.

रात्री खुराड्यात गुपचूप सोडून द्या, सकाळी सगळे विसरतात, असं जुने लोक सांगतात. अंधारात शांत असतात हे खरं. पण उजाडल्यावर जुंपली तर बंद खुराड्यात पळायला जागा नसते. त्यापेक्षा आठवडाभर मध्ये जाळी ठेवा, मग संध्याकाळी मोकळ्या अंगणात सोडा. दाण्याची भांडी दोन ठिकाणी असू द्या. थोडी चोचाचोची होणारच. रक्त दिसलं तरच मध्ये पडा.

हे सगळं मे महिन्यात नको. ४५ अंशांत कोंबड्या आधीच चोच उघडून धापा टाकत असतात, त्यात मारामारी झाली तर एखादी जागीच बसते. दिवाळीनंतर आणा. आधीचा कोंबडा काढून नवा आणला असेल, तर खुडूक (उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली अंडी ठेवायला आणखी तीन आठवडे थांबा. तोवरच्या अंड्यांत जुन्याचीही पिल्लं निघू शकतात.