रोजच्या अर्ध्या तासाला जपमाळ की आनापान?

रोज ध्यानाला बसायचं ठरलंय, वेळही काढलाय. अडतंय ते एवढ्यावरच: हातात माळ घ्यावी की नुसता श्वास पाहावा, म्हणजे आनापान करावं? दोन्ही करून बनलेलं हे मत आहे. तुमच्या स्वभावाला उलटंही मानवेल.

माळ कुठेही चालते. नाक चोंदलंय, ताप आहे, लोकलमध्ये उभे आहात, तरी जप अडत नाही. मन धास्तावलेलं असताना श्वासाकडे बघायला गेलं की कधीकधी छातीतली धडधडच जास्त जाणवते. तेव्हा नाम बरं. गोंदवलेकर महाराजांनी (१८४५–१९१३) ज्याचा प्रसार केला, तो 'श्रीराम जय राम जय जय राम' हा १३ अक्षरी मंत्र सावकाश म्हटला तर दर वेळी चारेक सेकंद लागतात, म्हणजे १०८ मण्यांची माळ साधारण ७ मिनिटांची. मणी मधल्या बोटावरून अंगठ्याने ओढायचा, तर्जनी लांब, मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा मोठा मणी, ओलांडायचा नाही, तिथून माळ फिरवून घ्यायची.

गोची आहे ती संख्येची. चार माळांचा नेम धरला की तिसरीपासूनच लक्ष चौथीच्या मेरूकडे. वेग वाढतो, 'जय जय'चा एकच 'जय' होतो, माळ ४ मिनिटांत उरकते. बोटं इतकी सरावतात की मन भाजीच्या यादीत असलं तरी मणी सरकतच राहतात, आणि माळ पुरी झाली म्हणजे जप झाला, असा हिशेब आपण मांडून मोकळे होतो. संख्या सोडून गजर लावता येतो, पण हातात माळ असली की मोजणं सुटत नाही. आणि माळ ठेवून दिली तर नवख्याचं नाम दोन मिनिटांत विरतं. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

आनापानात मोजायला काहीच नाही. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रावर १० दिवसांच्या शिबिरात सुरुवातीचे तीन दिवस हेच करवून घेतात. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर श्वासाचा स्पर्श जाणायचा. श्वास जसा असेल तसा. नवखे लोक नेमके इथे चुकतात: पाहता पाहता श्वास ओढू लागतात आणि पंधरा मिनिटांत डोकं जड होतं. स्पर्श हरवला तर चार-पाच श्वास मुद्दाम जरा जोराने घ्यावेत आणि पुन्हा सोडून द्यावं. त्याला 'सोऽहम्' जोडू नये. श्वास शब्दाच्या तालावर चालू लागतो, मग नैसर्गिक काय राहिलं?

डुलकी हा याचा खरा शत्रू. जेवणानंतर निदान दोन तास बसू नका. बैठकीखाली घोंगडी घडी करून एवढी उंची घ्या की गुडघे कमरेच्या खाली राहतील. पाय कमी बधिर होतात. खुर्चीही चालते, फक्त पाठ टेकू नका.

पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांत चाळीस वेळा मन पळेल आणि माळ सोपी वाटेल. तसं वाटणं साहजिक आहे, पण ते चाळीस वेळा कळलं, हे माळेवर सहसा घडत नाही. तरी माळ टाकून देऊ नका, सर्दीच्या दिवसांत तीच उपयोगी पडते. एकाच बैठकीत मात्र दोन्ही नकोत.