पार्ट-टाइम आंतरराष्ट्रीय कायदा: शिकवणं एक नंबर, ऑफिस म्हणजे डोक्याला ताप

दिवसभर सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात चेक बाऊन्सच्या केसेस आणि रात्री साडेआठला लॅपटॉपवर व्हिएन्ना कन्व्हेन्शन, असं एक वर्ष काढलं म्हणून लिहितोय. पहिले एक क्लिअर करतो, हा पीजी डिप्लोमा आहे, एलएलएम नाही. प्राध्यापकीसाठी नेट-सेट द्यायची असेल तर काही कामाचा नाही, आमच्या बॅचमधल्या दोघांना हे फी भरल्यावर कळलं.

शिकवणं मात्र खरंच भारी. ट्रीटीजच्या (म्हणजे देशादेशांतल्या करारांच्या) मॅडम नोट्स सांगत बसत नाहीत, सरळ निकाल उघडतात. पाकिस्तानने हेरगिरीच्या आरोपावरून फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवांची केस तीन आठवडे चालली. मला वाटायचं २०१९ ला आपण जिंकलो, विषय संपला. पण आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा १७ जुलैचा निकाल वाचला तर पाकिस्तानने कॉन्सुलर ॲक्सेस (आपल्या वकिलातीच्या लोकांना कैद्याला भेटू देणं) न देऊन १९६३ च्या व्हिएन्ना कन्व्हेन्शनचं, म्हणजे वकिलातींबद्दलच्या कराराचं, कलम ३६ मोडलं हे १५ विरुद्ध १ ने म्हटलंय खरं, पण शिक्षा रद्द करा, माणूस सोडा ही आपली मागणी काही मानली नाही, शिक्षेचा नीट फेरविचार करा एवढंच सांगितलं. आणि केस तिथे उभी राहिली तीच मुळात १९६३ च्या कन्व्हेन्शनसोबतच्या ऑप्शनल प्रोटोकॉलमुळे (वाद झाला तर याच कोर्टात न्यायचा, असा जोडकरार), तो दोन्ही देशांना लागू होता म्हणून. इथे समन्स काढला की पार्टीला यावंच लागतं (नाहीतर बेलिफ सांगतो घराला कुलूप होतं), तिथे देशाची संमती नसेल तर कोर्ट हातच लावत नाही, हे डोक्यात बसायला मला महिना लागला.

या केसमध्ये भारताचे वकील हरीश साळवे आपल्या नागपूर विद्यापीठाचे, १ रुपया फी घेऊन लढले, हे मी क्लासमध्ये छाती फुगवून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, बरं, मग त्यांचे मुद्दे सांगा. गप्प बसलो ना बे!

मे मध्ये तर अजून मजा. माईक ऑन केला की कूलरच्या घरघरीत माझं काहीच ऐकू जाईना, "अहो, तेवढा कूलर बंद करा" म्हणाल्या, मग कॅमेरा बंद, अंगात बनियन आणि घामाच्या धारा, असं मी रिझर्व्हेशन (आरक्षण नाही, करारावर सही करताना एखादं कलम आपल्याला लागू नाही असं देशाने सांगणं) म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

आता ऑफिस. स्टडी मटेरिअल म्हणून आडवे स्कॅन केलेले झेरॉक्स, निम्म्या पानांची कडेची ओळ गायब. परीक्षेचं टाइमटेबल आठ दिवस आधी, तेही बुधवारी सकाळी ११ ला, अरे पार्ट-टाइम म्हणता ना? मी कोर्टात तारीख मागून घेतली, सिनिअरनी दोन दिवस तोंड पाडलं. वरून मटेरिअलचे वेगळे पैसे. ते नका भरू, आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या साइटवर सगळे निकाल फुकट आहेत आणि यूएनच्या ऑडिओव्हिज्युअल लायब्ररीत मोठमोठ्या लोकांची लेक्चर्सही.

पाचपैकी साडेतीन, त्यातले तीन मॅडमचे. दुसऱ्या हप्त्याची पावती अजून आली नाही, काल सहावा मेल टाकलाय.