दिवाळीच्या शुभेच्छा आणि घरची खबरबात: ग्रुपवर, यादीने, स्टेटसला की ईमेलने?

दिवाळी तोंडावर आली की हा प्रश्न ठाण्यातल्या बऱ्याच घरांत निघतो. शाळेतले मित्रमैत्रिणी नौपाड्यातून कधीच पांगलेले असतात. कुणी घोडबंदर रोडला, कुणी खारघरला, काही पुण्यात, एखादी न्यू जर्सीत, एखादा मेलबर्नला. सगळ्यांना शुभेच्छा द्यायच्या असतात आणि वर्षभरात घरात काय काय झालं तेही कळवायचं असतं. मुलीचं लग्न ठरलंय, आईचं ऑपरेशन झालंय, नोकरी बदललीय. हाताशी पाच-सहा मार्ग आहेत आणि जवळपास सगळे फुकट. मग धरायचा कुठला?

शुभेच्छा आणि बातमी यांची आधी फारकत करा, असं माझं सांगणं आहे. शुभेच्छा सगळ्यांना एकाच शब्दांत गेल्या तरी काही बिघडत नाही. जुन्या तार खात्यात तर ठरीव शुभेच्छांना क्रमांकच होते. १ हा आकडा सांगितला की समोरच्याच्या तारेत दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा उमटत. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण ठरीव मजकुराच्या शुभेच्छा आजही कुणाला खटकत नाहीत. बातमीचं तसं नसतं. बातमी ऐकली की माणूस काहीतरी विचारतोच. ऑपरेशन कुठे केलं? मुलगा काय करतो? आता दिवसभर आईजवळ कोण असतं? म्हणून बातमी किती जणांपर्यंत पोचेल हे मोजण्यापेक्षा तिचं उत्तर कुठे येणार आहे, ते बघावं. पुढची सगळी तुलना मी याच कसोटीवर केली आहे.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

सगळ्यात सोपा आणि म्हणूनच सगळ्यात गर्दीचा. एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात. बॅचचा ग्रुप एवढा मोठा नसला तरी पन्नास-साठ जण सहज असतात. नरक चतुर्दशीला पहाटे पाचपासून पणत्यांची चित्रं यायला लागतात. त्यांच्या मधोमध कुणीतरी लिहितं, "बाबांची अँजिओप्लास्टी झाली, परवा घरी आणलं." खाली लगेच फटाक्यांचे जीआयएफ, 'शुभ दीपावली', पुन्हा पणत्या. दुपारी फोन उघडणाऱ्याला दीडशे मेसेज दिसतात आणि तो सरळ तळाला जातो. बाबांची बातमी बऱ्याच जणांना कळतच नाही. ज्यांना कळते त्यांनाही साठ जणांसमोर काय विचारावं ते सुचत नाही, म्हणून ते हात जोडलेलं चित्र टाकून मोकळे होतात. काळजी त्यांनाही वाटलेली असते, पण तिला तिथे जागा मिळत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं, त्या घरी यंदा सण नसतो, आणि ती व्यक्तीही याच ग्रुपमध्ये असते. तिच्या फोनवर दिवसभर आतषबाजी सुरू राहते. यात कुणाचा दुष्टावा नसतो, पण ग्रुपमध्ये एकाला वगळून बोलायची सोयच नाही.

मात्र जिथे उत्तरं सगळ्यांसमोर यायला हवीत, तिथे ग्रुपसारखं दुसरं काही नाही. नरक चतुर्दशीला राम मारुती रोडवर किती वाजता जमायचं, तलावपाळीला भेटून मग नाश्त्याला कुठे जायचं, ख्रिसमसच्या सुट्टीत न्यू जर्सीवाली येतेय तर संमेलन कधी ठेवायचं, या गोष्टी ग्रुपवरच ठरवाव्यात. पोल टाकता येतो आणि ठरलेली वेळ मेसेज पिन करून वर ठेवता येते. २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस, हवा तेवढा काळ तो वर राहतो. आनंदाची बातमीही ग्रुपवर शोभते, फक्त अगदी जवळच्यांना ती आधी कळलेली असावी.

ब्रॉडकास्ट लिस्ट

माझी पहिली पसंती हिला, तरी हिची माहिती फार कमी जणांना असते. व्हॉट्सअ‍ॅपमध्येच आपण एकदा यादी करायची आणि एकच मेसेज लिहायचा. तो प्रत्येकाच्या फोनवर आपण एकट्यालाच पाठवल्यासारखा जातो. यादीत आणखी कोण आहे ते कुणाला दिसत नाही, आणि उत्तर येतं ते थेट आपल्याला, खासगीत. एका यादीत २५६ जण घेता येतात. म्हणजे मित्र, जुने शेजारी, ऑफिसातली माणसं, सगळ्यांना पुरून उरेल.

एक अट नीट लक्षात ठेवा. ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये साठवलेला आहे, त्यांनाच हा मेसेज पोचतो. आपण नंबर बदलला असेल, किंवा समोरच्याने नवा फोन घेताना जुने नंबर गमावले असतील, तर मेसेज जात नाही आणि तसं कुणी सांगतही नाही. म्हणून पाठवल्यावर संध्याकाळी त्या मेसेजची माहिती उघडून बघा. कुणाला पोचला आणि कुणी वाचला, याची यादी तिथे दिसते. ज्यांची नावं नाहीत त्यांना वेगळा मेसेज किंवा फोन करा.

आता मजकूर. फॉरवर्ड आलेली कविता या यादीवर पाठवू नका, कारण तिला उत्तर म्हणून दुसरी कविताच येते. असं काहीतरी लिहा:

"शुभ दीपावली! आमच्याकडची खबर: आईचं उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन जूनमध्ये झालं, आता काठी घेऊन तलावपाळीला एक फेरी मारते. धाकटा बारावी होऊन इंजिनिअरिंगला लागला, रोज ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला जातो. आमची इमारत रिडेव्हलपमेंटला जायची आहे, पण मार्चपर्यंत तरी आम्ही याच घरी. तुमच्याकडे काय चाललंय, दोन ओळी कळवा."

यातल्या प्रत्येक वाक्याला उत्तर देता येतं. ज्याच्या आईचेही गुडघे दुखतात तो डॉक्टरांचं नाव विचारतो. ज्याची मुलगी अकरावीत आहे तो कॉलेजबद्दल विचारतो. ज्याची इमारत आधीच पाडली गेलीय, तो भाड्याच्या घराच्या चार गोष्टी सांगतो. पाच ओळींत दहा जणांशी खरं बोलणं सुरू होतं. सहावी ओळ लिहायचा मोह होतो, पण फोनच्या एका पडद्यावर मावेल तेवढंच माणूस पूर्ण वाचतो.

याद्या दोन करा. एक सणाची. दुसरी, ज्यांच्याकडे यंदा सण नाही त्यांची, आणि ही दुसरी फक्त नावं आठवायला. तिच्यावरून एकगठ्ठा काही पाठवायचं नाही, एकेकाला स्वतंत्र लिहायचं. "यंदा तुमच्याकडे दिवाळी नाही, ठाऊक आहे. काकांची फार आठवण येते. फराळाचा डबा घेऊन येते, कधी असाल घरी?" सुतक संपलेलं असलं तरी त्या घरी पहिल्या वर्षी फराळ करत नाहीत, तो नातेवाइकांनी आणि मित्रांनी न्यायचा असतो. ही रीत ऑनलाइन शुभेच्छांच्या गर्दीत हरवू नये असं मला मनापासून वाटतं.

लग्नाची पत्रिका पाठवायची असेल तर तीही यादीने जाऊ शकते, पण आधी फोनवर आमंत्रण झालेलं हवं. पत्रिका फोटो किंवा पीडीएफच असावी. लग्नपत्रिकेच्या नावाखाली 'एपीके' फाइल (जी उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसतं) पाठवून फोनचा ताबा घ्यायचा आणि बँक खातं रिकामं करायचं, हा प्रकार अलीकडच्या वर्षांत बराच झाला आणि पोलिसांनी त्याबद्दल इशारेही दिले. ओळखीच्या नंबरवरून आली तरी एपीके उघडायची नाही, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोनच आधी ताब्यात गेलेला असू शकतो. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा.

स्टेटस

कंदील, रांगोळी, किल्ला, पाडव्याचा फोटो यांच्यासाठी उत्तम. २४ तासांत आपोआप जातं, कुणाला दिसावं आणि कुणाला नाही ते ठरवता येतं, आणि उत्तर आलं तर खासगीत येतं. कसोटीला निम्मं उतरतं म्हणायचं.

पण घरची बातमी देण्यासाठी स्टेटस वापरू नये. त्या दिवशी ज्याने फोन पाहिला नाही त्याला कळत नाही, आणि नंतर "स्टेटसला टाकलं होतं की" हे ऐकून माणूस दुखावतो. विशेषतः मोठ्या माणसांच्या बाबतीत. साखरपुडा झाला हे मावशीला स्टेटसवरून कळणं म्हणजे तिचा मान राहिला नाही. आणि आपल्याला दिसते ती 'पाहिलं' यादी. तिच्यावरून समोरच्याने मजकूर वाचला की नुसता अंगठा पुढे सरकवला, हे समजत नाही.

फेसबुक

हरवलेली माणसं शोधायला अजूनही उपयोगी. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं तेव्हा अनेकांचे जुने धागे तिथेच राहिले, ते फेसबुकवर पुन्हा जुळवता येतात. घरच्या बातमीसाठी मात्र मी ते सुचवणार नाही. उत्तरं चारचौघांत येतात, आणि 'फ्रेंड्स' म्हणून जोडलेल्या शेकडो जणांत खरे मित्र किती, हे आपल्यालाच सांगता येत नाही. मुलांचे शाळेच्या गणवेशातले फोटो आणि "आठ दिवस कोकणात चाललो" अशी पोस्ट तर नकोच. घराला कुलूप असल्याची वर्दी अनोळखी लोकांना कशाला द्यायची? गावाहून परत आल्यावर फोटो टाका.

ईमेल

तरुण मंडळी हसतील, पण वर्षभराची सविस्तर हकिकत सांगायची असेल तर ईमेलच. अमेरिकेत नाताळच्या सुमाराला घरच्या वर्षाचा वृत्तांत एका पानात लिहून सगळ्यांना पाठवायची पद्धत आहे. तिकडे राहणाऱ्या आपल्या माणसांना ती ओळखीची असते, त्यामुळे परदेशातल्या मित्रांकडून ईमेलला उत्तर हमखास येतं. उशिरा येतं, दोन-तीन आठवड्यांनी, पण चांगलं लांबलचक येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर जे कधीच लिहिलं जात नाही ते त्यात असतं: मुलांशी मराठी बोलायला किती कष्ट पडतात, आईवडिलांना तिकडे न्यावं की आपण परत यावं, नोकरीचं पुढे काय. आणि दहा वर्षांनी शोधलं तरी ते पत्र सापडतं. फोन बदलला आणि बॅकअप घ्यायचा राहिला, की व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं जातं.

पत्ते 'बीसीसी'मध्ये घाला, म्हणजे कुणाचा पत्ता कुणाला दिसणार नाही आणि एकाचं उत्तर चाळीस जणांना जाणार नाही. जीमेलवर २५ एमबीपर्यंतच जोडपत्र जातं, म्हणून पाच-सहा फोटो निवडून जोडा, बाकीच्यांची लिंक द्या. 'शेड्यूल सेंड' वापरून पत्र आधीच लिहून ठेवता येतं. फराळाच्या धांदलीत लिहायला बसणं होत नाही, तेव्हा नवरात्रातच लिहून टाकावं. मराठी टाइप करायचा कंटाळा असेल तर फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून बोला. गुगलच्या जीबोर्ड या कीबोर्डला मराठी चांगलं कळतं, अनुस्वार तेवढे नंतर तपासावे लागतात.

तोटा उघड आहे. ठाण्यातल्या आपल्या वयाच्या बऱ्याच जणांसाठी ईमेल म्हणजे बँक आणि वीजबिल. काकू-मावश्यांसाठी तर तेही नाही. म्हणून माझ्या हिशोबात ईमेल परदेशातल्यांसाठी आणि ज्यांना मुळात पत्राची आवड आहे त्यांच्यासाठी. बाकीच्यांना ब्रॉडकास्ट.

फोन, व्हिडिओ कॉल आणि आवाजाचा मेसेज

आजारपण, निधन, घटस्फोट, नोकरी जाणं यांतलं काहीही लिहून कळवू नये, निदान जवळच्या पाच-सात जणांना तरी. त्यांना आधी फोन, बाकीच्यांना नंतर मेसेज. लग्न ठरल्याची बातमीही वडीलधाऱ्यांना आधी फोनवरच सांगावी.

ज्यांना फोन उचलायला जमत नाही, कमी ऐकू येतं किंवा दिवसाच्या वेळा सांभाळाव्या लागतात, अशा वृद्धांसाठी आवाजाचा मेसेज मला सगळ्यात चांगला वाटतो. मिनिटभराचा, सावकाश बोललेला. त्यांना तो हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा ऐकता येतो. शाळेतल्या निवृत्त बाईंना असा मेसेज करून बघा. सुरुवातीला स्वतःचं नाव आणि दहावीचं साल सांगा, म्हणजे चेहरा आठवायला त्यांना सोपं जाईल.

व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलवर ३२ जण येऊ शकतात, पण आठाच्या वर गेलं की दोघं बोलतात आणि बाकीचे बघत बसतात. चार-पाच जणांचाच ठेवा आणि वेळ आधी कळवा. वेळांचं गणित असं. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून पहाटे साडेपाचला इथून फोन लावला, तर ऑक्टोबरात न्यू जर्सीत आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ वाजलेले असतात. तिकडची घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात, त्यानंतर दिवाळी आली तर सात. दोन्ही वेळा सोयीच्या. मेलबर्नला तेव्हा सकाळचे अकरा असतात, सुट्टी नसेल तर तिथला मित्र कामावर असणार. लंडनला त्या वेळी मध्यरात्र उलटत असते, त्यामुळे तिकडचा फोन दुपारी दीड-दोननंतर, जेवणं झाली की करावा.